पहिली पाटी खासदारांची

मी रंभा. पेणच्या खाडीकडच्या गावात माझी दीड एकर खारजमीन हाय. आणि आमचे खासदार कमळाकरदादा पोस्टरवर ज्या म्हातारीला चष्मा घालतायत ना, ती पण मीच.

दादा रोह्याचे. आधी त्यांची संस्था होती. वह्या, छत्र्या, चष्मे, काठ्या, वाटतच सुटले. काठी घेणारा नीट चालत असला तर फोटोवाला सांगायचा, जरा लंगडा. असं वाटता वाटता दादा दिल्लीला पोचले. तिथं काय वाटतात देव जाणे.

यंदा भादव्यात खाडीचं पाणी अडवणाऱ्या आमच्या बांधाला खांड पडली. बैलगाडी जाईल एवढं भगदाड. अमावास्येचं उधाण आलं की खारं पाणी शेतात, आणि दाणा भरत आलेलं भात गेलंच. पुढं दोन-तीन वर्षं जमीन कामाची नाय. म्हणून आमच्याकडं रीत हाय, घरटी एक माणूस ओहोटीला उतरतो, चिखलाच्या पाट्या टाकायच्या नि भरतीच्या आत खांड बांधून मोकळं व्हायचं.

पण मला मिरवायची हौस. गेले पेणला दादांच्या हापिसात. दादा म्हणाले, "मावशी, पोकलेन आणतो. पहिली पाटी मी टाकणार. तोवर कोणी हात लावू नका."

"ओहोटी सकाळी सहाला, दादा. नऊनंतर काय उपयोग नाय," मी म्हटलं.

"सहाला हजर," दादा म्हणाले. त्यांच्या माणसानं लिहून पण घेतलं.

अमावास्येच्या आदल्या दिवशी सकाळी चाळीस माणसं पाट्या घेऊन उभी. सात वाजले. बांधाचं बघणारे महिपतीकाका म्हणाले, "रंभे, सुरू करूया गो. पाणी फिरलं आता."

मीच अडवलं. म्हटलं, मोठा माणूस येतोय, मान राखा, पोकलेन तासाभरात उरकील. माझ्या शब्दाखातर चाळीस माणसं मातीला हात न लावता बसून राहिली. माझी अक्कल चरायला गेली होती, दुसरं काय.

दादा साडेदहाला आले. नागोठण्याला सत्कार होता म्हणे. पोकलेन मागं वाटेतच चिखलात रुतला. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून दादांनी पाटी टाकली, फोटो झाला, चिखल वाहून गेला. भाषण चालू असतानाच खांड डोळ्यांदेखत रुंदावली आणि पाणी शेतात घुसलं. मी सगळ्यांसमोर रडले. माझ्यामुळं गावाचं भात गेलं होतं.

दादांना मात्र हुरूप आला. आता कुठं त्यांना ओळखीचं काम मिळालं. दोन फोन केले, तासाभरात टेम्पो हजर. पिशवीत तांदूळ, तेल, चादर. पिशवीवर दादांचं तोंड.

"पहिली मावशींना," दादा म्हणाले. "मावशी, रडताय तशाच राहा."

मी हात पदराखाली घेतले. मेले तरी घेणार नव्हते. तेव्हा माझी सून नूतन पुढं आली. तिनं पिशवी घेतली आणि फोटोवाला पुरे म्हणेपर्यंत धरून उभी राहिली. दोन पोरांना यंदा काय शिजवून घालायचं, ते तिला बघायचं होतं.