पायाचा काळा दगड

सकाळी सव्वासातला विरार पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी, मुरमाचा कडा ढासळला. खाली इमारतीसाठी खणलेल्या खड्ड्यात कोणी नव्हतं. वर कडेला कल्पेशचं घर होतं आणि घरात त्याची आई, जिजा.

कल्पेश दूध घेऊन परतला तेव्हा घराचा मागचा कोपरा बोटभर खचला होता. चौकट तिरकी होऊन दार घट्ट बसलं होतं. खिडक्यांना जाड गज.

त्या कोपऱ्याचा खांब काळ्या दगडावर उभा होता. ही माणसं मूळची समुद्रकाठच्या गास गावची. तिथे कुदळ मारली की रेती लागते, मग पाणी. खडक म्हणून कुणाच्या नजरेला पडलेला नाही. त्यामुळे इथे पाया खणताना काळा दगड लागला तेव्हा जिजाने त्यावर नारळ फोडला. "धरनीची पाठ लागली," म्हणाली. गवंडी आणखी खणू म्हणत होता. कल्पेशनेच त्याला थांबवलं.

आता त्या दगडाचं पोट उघडं पडलं होतं. रिक्षाएवढा गोल दगड, आणि त्याच्या खालीही मुरूमच.

अग्निशमन दलाबरोबर भूगर्भतज्ज्ञ अश्लेषा आली होती. तिने खड्ड्याच्या काठावरून पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"हा तळाचा खडक नाही. पाणी भेगांतून झिरपतं, खडक आतल्या आत कडांकडून कुजतो. कुजला त्याचा मुरूम झाला, गाभा गोटा होऊन राहिला. लाखो वर्षांचं काम आहे. मुरूम निघून गेला की असे गोटे उघडे पडतात आणि घरंगळतात. हा डोंगर असाच घडलाय."

"दार फोडू?" कल्पेशने विचारलं.

"अजिबात नको. एक हादरा पुरे होईल."

आतून हाक आली. "अरे मेल्या, चहाचं पानी आटलं! दूध आनायला गेलास का म्हस?"

"आये, गॅस बंद कर. पुढच्या खिडकीशी ये. हळू."

"धावायला गुडघे आहेत का माझे? झालं काय?"

"काय नाय. दार अडकलंय."

"दार बघायला एवढी मानसं?" ती खिडकीत आली. खाकी गणवेश पाहून तिचा चेहरा बदलला. "कल्पेश, दगड धरून हाय ना?"

"हाय," तो म्हणाला.

हादरा नको म्हणून जवान हातकरवतीने गज कापतायत. दोन तुटले, तिसरा निम्मा झालाय. दगडाखालून मुरमाची बारीक धार सुटते आहे. जिजा अजून आत आहे.