राजलक्ष्मीचे लोकरी मोजे

राजलक्ष्मी मनालीहून परतली त्याला सोळा दिवस झाले, तरी विठोजींना काही उलगडत नव्हतं. बाई घरात लोकरीचे मोजे घालून हिंडत होती. बेंगळुरात, गवीपुरमात, ऐन मे महिन्यात! विचारलं तर म्हणायची, "असू दे हो, सवय झालीये." आठ दिवसांच्या सहलीत सवय? छत्तीस वर्षांत तिला नवऱ्याच्या घोरण्याची झाली नव्हती ती.

पण मोजे राहिले बाजूला. खरा घोर मंगळसूत्राचा होता. बायकांच्या सहलीला एकटी निघाली आहेस, परक्या मुलखात अंगावर सोनं नको, असं विठोजींनीच बजावलं होतं. त्यांनीच ते काढायला लावून कपाटात ठेवलं होतं आणि किल्ली कमरेला लावली होती. परतल्यावर पहिलं तेच मागेल असं त्यांनी धरलं होतं. तिने तुळशीची चौकशी केली, समोरच्या सकवारबाईंच्या गुडघ्याची केली. किल्लीचं नाव नाही. बरं, आपणहून द्यावं, तर विठोजींचा स्वभाव आडवा आला. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात तीस वर्षं फोरमनकी केलेला माणूस. मागितल्याशिवाय स्टोअरमधून पाना द्यायचा नाही, ही त्यांची शिस्त. शिस्त पाळता पाळता आता मात्र त्यांना भलतीच शंका यायला लागली होती. बायको आपल्याला विटली की काय?

रविवारी दुपारी बेल वाजली. दारात दोन बायका, हातात मिठाईचा पुडा.

"राजलक्ष्मीताई आहेत? आम्ही मनालीच्या ट्रिपमधल्या," थोरली म्हणाली. "मी शुभदा, ही गौरी. पुण्याच्या आम्ही, पण आता इथेच एचएसआर लेआउटला असतो. तुम्ही ताईंचे भाऊ ना?"

"मी नवरा."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. गौरीच्या हातातला पुडा पडता पडता राहिला.

"म्हणजे... दुसरे?" शुभदाच्या तोंडून निघून गेलं.

"पहिला आणि शेवटचा!" विठोजी ओरडले. "भानगड काय आहे ही?"

राजलक्ष्मी सकवारबाईंकडे गेली होती. विठोजींनी दोघींना आत बसवलं आणि चाचरत चाचरत सगळं बाहेर आलं. कुलूहून मनालीला जाताना बसमध्ये उखाण्यांचा कार्यक्रम झाला. सगळ्याजणी नटून-मुरडून नवऱ्याचं नाव घेत होत्या. ताईंची पाळी आली तेव्हा त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. डोळ्यांत पाणी, गळ्यात मंगळसूत्र नाही, पायांत मोजे, तेव्हा जोडवी दिसायचाही प्रश्न नाही. बस चिडीचूप झाली. कुणीतरी घाईघाईने अंताक्षरी सुरू केली आणि त्या दिवसापासून खिडकीची जागा ताईंना कायमची मिळाली.

"आम्ही सगळ्या सारख्या फोनवर," गौरी म्हणाली. "सोलंगला गुडघाभर बर्फात उभी राहून मी नवऱ्याला सांगतेय, डाळ वरच्या खणात आहे. आणि ताई निवांत डोंगर बघतायत. त्यांना कुणाचा फोनच नाही. मग काय वाटणार आम्हाला?"

विठोजींनी खाली पाहिलं. तिने केला नाही म्हणून त्यांनीही फोन केला नव्हता.

"मणिकर्णला गरम पाण्याच्या कुंडात तांदूळ शिजत होते," शुभदा म्हणाली, "तेव्हा मी हळूच विचारलं, कसे होते हो ते? इतकं छान बोलल्या त्या, काका, आम्ही रडलो. रोज सकाळी तुम्ही कॉफी करायचा, पहिला पेला त्यांना द्यायचा. त्यांचं डोकं दुखलं तर न सांगता तुम्हाला कळायचं."

विठोजी चक्रावले. त्यांनी जन्मात कॉफी केली नव्हती. असा कोण सद्गृहस्थ मनालीच्या बसमध्ये वारला होता, ते त्यांना कळेना.

तेवढ्यात राजलक्ष्मी दारात आली. तिघांची तोंडं पाहून ती काय ते समजली. पाहुण्यांनी पुडा टेबलावर ठेवला, दहा वेळा सॉरी म्हटलं आणि पाणीही न पिता काढता पाय घेतला.

"सरी, ठीक आहे," ती खुर्चीत बसली. "विचारा."

"मला मारलंस?"

"मी एक शब्द बोलले नाही. मला उखाणा येईना. त्या पुण्याच्या बायका कशा फडाफडा बोलतात, आपल्या मराठीत अर्धं कन्नड. त्यात घाटाच्या वळणांनी मळमळत होतं, म्हणून डोळ्यांत पाणी. त्यांनीच ठरवून टाकलं."

"मग सांगायचं नाही?"

"सांगणारच होते. तर शुभदाने खिडकी दिली, अंगावर शाल घातली, चहा हातात आणून दिला. छत्तीस वर्षांत मला कुणी काही हातात आणून दिलं नव्हतं. म्हटलं, स्वल्प राहू दे."

"आणि ती कॉफी?"

"गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. आठवायला बसले, तर कमी पडलं. मग घातलं पदरचं."

विठोजींना हे फार लागलं. तिने मारलं त्यापेक्षा हे जास्त लागलं.

"मी नव्हतो तर बरं वाटलं तुला?"

"चार दिवस फार बरं वाटलं," ती सरळ म्हणाली. "पाचव्या दिवशी हिडिंबेच्या देवळात गेलो. केवढाले देवदार! हात जोडले आणि तोंडातून काय आलं? तुमचं बीपी ताब्यात राहू दे. माझाच मला राग आला."

विठोजी उठले, स्वयंपाकघरात गेले. भांडी पडल्याचा आवाज आला.

"कॉफीचा फिल्टर कुठे असतो गं?"

"छत्तीस वर्षं तिथेच आहे."

बऱ्याच वेळाने ते पेला घेऊन आले. दुसऱ्या हातात मंगळसूत्र होतं. न मागता. राजलक्ष्मीने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, पण पेला रिकामा केला. मंगळसूत्र हातात घेऊन तिने जरा पाहिलं आणि परत त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"हे उद्या आणा. सकाळी, कॉफीबरोबर. पावडर दोन चमचे घाला."

हा होकार झाला की नकार, विठोजींना समजेना. विचारावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तर ती वाकून एका पायातला मोजा काढत होती. त्या पायातली जोडवी दिसली; दुसऱ्या पायातला मोजा तिने तसाच ठेवला.