खडपेवाडीचे पडणारे टोप

डिचोलीच्या बसस्टँडवर आजवर सांगितल्या गेलेल्या गोष्टींत याहून अशक्य गोष्ट नाही. म्हापशाची बस येईपर्यंत ऐकून घ्या. विश्वास ठेवायची सक्ती नाही, आणि आजवर कुणी ठेवलेलाही नाही.

सुविधा पेडण्याची. एम.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला तिने संशोधनासाठी खडपेवाडी निवडली. नकाशात शोधू नका. खाणीचे ट्रक जिथे लोकांच्या अंगणातून जातात, तीच ती वाडी. तिथे माडाची झावळं तांबडी, दोरीवरचे कपडे तांबडे, आणि कोंबड्या तर पांढरं अंडं घालायचं कधीच विसरून गेलेल्या. सिंधुदुर्गातून खाणीवर आणि ट्रकवर कामाला आलेली माणसं दोन पिढ्या तिथे धूळ खात होती. आरोग्याधिकाऱ्याने सुविधाला शब्द दिला होता, "आकडा आणा. दर सोमवारी छातीचा डॉक्टर वाडीवर पाठवतो." त्या एका आकड्यासाठी ती भर उन्हात साठ घरं फिरली.

साठही घरांतल्या बायांनी अंगण शिंपून, तुळस धुऊन, ठेवणीतली साडी नेसून तिला चहा दिला. आणि साठही जणींनी एकच सांगितलं. शेवंतीच्या घरी तर प्रश्न संपायच्या आत उत्तर आलं.

"खोकलो? माका काय्येक नाय गो बाय. तू चाय घे."

एवढं बोलून शेवंती घाईघाईने आत गेली आणि आत धाडकन भाताचा टोप पडला. बाहेर आली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं आणि पदर तोंडावर. सुविधाने लिहिलं : खोकला नाही.

मार्गदर्शक दत्तप्रसाद सर तो तक्ता बघून फार खूश झाले. "वा. समस्याच नाही. म्हणजे चर्चेचं प्रकरण दोन पानांत आटपेल. प्रबंध वेळेत होणार तुझा."

"सर, तिथे श्वास घेतला तरी दातांखाली कचकचतं."

"तुझ्या दातांखाली. त्यांनी तर नाही म्हटलंय ना? सही आहे त्यांची."

फुंकर मारून छातीचा जोर मोजायचं एक नळकांडं कॉलेजच्या कपाटात होतं. सुविधाने ते दोनदा मागितलं. ते तपासणीला येणाऱ्या पाहुण्यांना दाखवायचं असतं, असं उत्तर मिळालं. कपाटाला काच होती, म्हणून बघायला मात्र कुणाची मनाई नव्हती.

त्या दुपारी ती वाडीवर परत गेली तीच पेटून. शेवंतीच्या ओसरीवर कागदांचा गठ्ठा आपटला.

"साठ बाया, साठ खोटं. मावशी, मी कुणासाठी फिरत्येय इथे? उद्या तो डॉक्टर येणार नाही तो तुमच्यामुळे."

शेवंतीही काही कमी तापट नव्हती. "आवाज खाली कर. माझ्या पोरीक, श्रद्धाक बघूक तेरेखोलच्या अंगाची माणसां येवची आसत. आवशीक छातीचो खोकलो आसा, ह्या त्यांच्या कानार गेला तर चेडवाक दुसरा स्थळ तू हाडतलंस? कागद तुझो, घोव तिचो. काय म्हत्त्वाचा?"

रागाच्या भरात सुविधा म्हणाली, "मग वाडीत खोकतं तरी कोण?"

"बाजूवाली," शेवंती लगेच म्हणाली. "तिच्या घरात दिसाक वीस येळा टोप पडता. इतके टोप तिच्याकडे इले खंयसून, तूच सांग."

तेवढ्यात शेजारच्या घरात टोप पडला. मग पलीकडच्या. मग रस्त्यापल्याड तीन घरांत, एकामागोमाग. ट्रक नुकताच गेला होता.

सुविधाने त्याच ओसरीवर बसून प्रश्नावलीत नवा प्रश्न घातला : बाजूच्या घरात दिवसातून किती वेळा भांडं पडतं? ती पुन्हा साठ घरं फिरली. स्वतःबद्दल तोंड न उघडणाऱ्या बाया शेजारणीबद्दल इतक्या सढळ बोलल्या की दोघींनी तर टोपांचा आकारही सांगितला. साठपैकी साठ घरांत टोप पडत होते.

संशोधन समितीसमोर तो तक्ता लावला तेव्हा सर हसले. मग सगळी समिती हसली. "सुविधा, ही नर्सिंगची पदवी आहे, भांड्यांच्या दुकानाची नव्हे. मंजूर प्रश्नावलीत हा प्रश्न नाही. शिवाय ऐकीव. त्या स्वतः येऊन सांगणार आहेत का?"

सुविधा थेट शेवंतीकडे गेली. आता तिच्यात भांडायचंही त्राण नव्हतं. झालं ते सांगितलं.

शेवंती तांदूळ निवडत होती. "हसले? कोणावर?"

"टोपांवर."

शेवंतीचा हात थांबला. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून सुविधा एक पाऊल मागे सरकली. "आमी पदर तोंडात कोंबून संसार करतंव, आणि ते हसतत?" ती उठली. "साठय जणी जावया. सगळ्यो गेलंव काय कोणाकडे बोट दाखवतले? पोरींची लग्नां मोडूची झाली तर सबंध वाडीची मोडूक लागतली. बघूया कोणाच्यान मोडवतत ती."

सादरीकरणाच्या दिवशी साठ बाया ठेवणीतल्या साड्या नेसून सभागृहात ओळीने बसल्या. सर म्हणाले, "बोला, कुणाला खोकला आहे?" कुणी बोललं नाही. सवय. पण तिथे टोप नव्हते. पहिली शेवंती खोकली. मग साठही जणी, दोन पिढ्यांचा साठलेला खोकला. खिडक्यांची तावदानं गेली, छताचा पंखा गरगरत खाली आला, पांढऱ्या पडद्यावर तांबडी धूळ बसली, आणि सरांचा चष्मा उडून थेट मांडवीत पडला. तो आमोण्याच्या एका शेतकऱ्याला चिंगळांच्या, म्हणजे बारक्या कोळंबीच्या, जाळ्यात सापडला. सुविधाने प्रबंधावर जिथे बोट ठेवलं तिथे सरांनी आंधळेपणाने सही केली. आणि पुढच्याच सोमवारी छातीचा डॉक्टर वाडीवर आला, तो आजतागायत एक सोमवार चुकलेला नाही—

"पुरे झाला, आजोबानु."

बाकड्याच्या टोकाला म्हापशाच्या बसची वाट बघत बसलेली सरस्वती बोलली. खडपेवाडीचीच ती. मांडीवर एक्स-रेचं मोठं पिवळं पाकीट होतं आणि ती पदराआडून बोलत होती.

"पंखो पडलो म्हणा, चष्मो उडालो म्हणा, मी काय बोलूक नाय. डॉक्टराक बसाक वाडीर खुर्ची इली, ती पण खरी. तिच्यार आमचा मांजर निजता. म्हापशाक ही माझी तिसरी खेप. डॉक्टर इलो म्हणतास, ह्या खोटा."