जिवंत आंबट, मेलेलं आंबट

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. उशिरा आलेले लोक खिडक्यांच्या कट्ट्यांवर चढून बसले होते, आणि व्यासपीठावर लिंबूगुरुजी डोळे मिटून हातातल्या लिंबाशी बोलत होते. लिंबू काय म्हणालं ते फक्त त्यांनाच ऐकू आलं, पण मान सगळ्या सभागृहाने डोलावली.

"हे म्हणतंय, माझ्या नावावर लोक काहीही पितात," गुरुजींनी डोळे उघडून सांगितलं. "झाडावरचं आंबट जिवंत असतं. कारखान्यातलं मेलेलं. सरबतात, गोळीत, डब्यात, सगळीकडे तेच सायट्रिक अॅसिड. रोज एक प्रेत पोटात ढकलता आणि वर मला विचारता, गुरुजी, गुडघे का दुखतात?"

पहिल्या रांगेत बसलेल्या काकांचे गुडघे दुखत होतेच. त्यांना एकदम पटलं.

पण काकांची अडचण गुडघ्यांहून मोठी होती. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली त्यांची बायको घरामागच्या खोलीत सरबतं करून विकायची, आणि त्या सरबतांत हेच मेलेलं आंबट पडायचं. गल्ली तिला बाई म्हणायची. कचेरीतून निवृत्त झालेल्या काकांकडे बाटल्या धुण्याचं खातं आलं होतं. धुण्याच्या सोड्याने घासायच्या आणि तीन पाण्यांतून विसळायच्या, एवढंच काम. काकांचं तिसरं पाणी हमखास राहून जाई, कधी पहिली दोनही. म्हणून बाई त्यांच्या हातच्या एखाद्या बाटलीत काळ्या द्राक्षांचा रस चमचाभर टाकून बघत. लाल राहिला तर ठीक. फसफसून निळा-हिरवा झाला, की बाई नुसत्या चष्म्यावरून बघत आणि काका मुकाट्याने सगळ्या बाटल्या पुन्हा नळाखाली घेत.

गुरुजी आल्यापासून गिऱ्हाइकं आटली होती. शेजारणीने तर न उघडलेली बाटली परत आणून दारात ठेवली, तीही दोन बोटांत धरून. काल जेवताना काका बोलून गेले, "अगं, आपण लोकांना विष तर पाजत नाही ना?"

बाईंनी हातातला घास खाली ठेवला. "आपण नाही. सरबत मी करते. नीट म्हणा, तू विष पाजतेस."

त्यानंतर घरात फक्त भांडी बोलली. सकाळी काकांनी तोडगा काढला. गुरुजी आज सभागृहात दाखवणार तो प्रयोग दोघांनी बघायचा. त्यात ते खरे ठरले, तर सगळ्या बाटल्या मोरीत ओतून खोलीला कुलूप. बाई "बरं" म्हणाल्या होत्या आणि आता मागे दाराशी हाताची घडी घालून उभ्या होत्या. ती खोली गेली तर बाई दिवसभर काय करतील, हा विचार काकांना बसल्या जागी टोचत होता.

गुरुजींनी रेशमी फडक्यातून काचेचे दोन ग्लास काढले. एकात हातातलं अर्धं लिंबू पिळून पाणी घातलं. दुसऱ्यात कारखान्याचं आम्ल विरघळवलेलं पाणी ओतलं. ओतताच ते फसफसलं.

"बघा, प्रेत तडफडतंय," गुरुजी म्हणाले. प्रेत कसं तडफडेल, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही.

मग 'सत्यजल' नावाचं जांभळं पाणी दोन्हींत पडलं. लिंबाचा ग्लास गुलाबी झाला. दुसरा निळा-हिरवा. सभागृहातून मोठा सुस्कारा निघाला आणि गुरुजींनी विकायला मांडलेल्या जिवंत लिंबूचूर्णाच्या डब्यांकडे चुळबुळ सुरू झाली.

काका उठून उभे राहिले होते. का उठलो ते त्यांनाही कळलं नाही. तो रंग दिसला की उठायचं, ही सवय अंगात मुरली होती.

"माफ करा," ते ओशाळून म्हणाले, "हा ग्लास विसळायचा राहिलाय. तळाला सोडा आहे. आणा इकडे, मी धुऊन देतो."

"आजोबा, हे ग्लास मी स्वतःच्या हातांनी धुतो."

"माझंही तसंच होतं हो," काका मनापासून म्हणाले. "तिसरं पाणी राहतं."

कोणीतरी खुदकन हसलं. गुरुजी ग्लास रिकामा करून फडक्यात गुंडाळू लागले, तोवर बाई व्यासपीठावर पोचल्या होत्या. "धुऊ द्या की त्यांना. एरवी सांगूनही धूत नाहीत."

काकांनी कोपऱ्यातल्या नळावर ग्लास चांगला खळखळून विसळला. बाईंनी त्यात तेच कारखान्याचं पाणी ओतलं. फसफसलं नाही. सत्यजल घातलं. गुलाबी.

"ऊर्जा धुतली गेली," गुरुजी म्हणाले.

फडक्यात आणखी एक ग्लास होता, पुढच्या प्रयोगासाठी तयार. काकांनी तळाशी बोट फिरवून बाईंना दाखवलं. बोटाला पांढरं लागलं होतं. बाईंनी त्यात उरलेलं अर्धं लिंबू पिळलं, गुरुजींशी बोललेलंच. जिवंत आंबट फसफसलं आणि सत्यजल पडताच निळं-हिरवं झालं. आता मात्र अख्खं सभागृह हसलं.

"धुण्याचा सोडा आंबटाला मारतो. उरला की जांभळं पाणी हिरवं होतं," बाई वर्गात सांगाव्या तशा सांगू लागल्या. "लिंबातलं सायट्रिक अॅसिड आणि कारखान्यातलं, दोन्हींचा रेणू एकच. कारखान्यात एका बुरशीला साखर खाऊ घालून ते बनवतात आणि गाळून शुद्ध करतात."

"बुरशी? ई," शेजारीण म्हणाली.

"पाव फुगवणारं यीस्ट त्याच गोतावळ्यातलं, आणि पाव तू रोज खातेस. लिंबात क जीवनसत्त्व असतं, बाकीही बरंच असतं, त्यासाठी लिंबू जरूर खा. पण आंबटाला जीव नसतो, झाडावरही नाही. आणि गुरुजी, एवढे डबे भरायला गाड्या भरभरून लिंबं लागली असतील. सालं कुठे टाकता?"

उत्तर द्यायला गुरुजी तिथे नव्हते. मागचं दार उघडं होतं. पिळलेलं लिंबू टेबलावर राहिलं होतं, पण ते काही म्हणालं नाही.

"आता माझ्या शब्दावरही जाऊ नका," बाई म्हणाल्या. "जांभळा कोबी उकळा, तेच सत्यजल. दोन्ही आंबट घालून स्वतः बघा. कोणीही काही दाखवलं, की आधी विचारा, ग्लास कोणी धुतला? विचारण्याने कोणाचा अपमान होत नाही. खरं असेल तर ते पुन्हा करून दाखवता येतं."

घरी आल्यावर काकांनी बाटल्या घेतल्या आणि तीनही पाण्यांतून काढल्या. बाई द्राक्षरसाचा चमचा घेऊन आल्या.

"चुकलं माझं कालचं," काका खाली बघत म्हणाले. "पण आज तरी विश्वास ठेव."

"ठेवलाय. म्हणून तर बाटली तुमच्या हातात दिली." बाईंनी रस आत सोडला. "आणि बघायचं म्हणून बघते."

दोघांनी वाकून बाटलीत पाहिलं. रस लाल होता.