तांदळाच्या पोत्यातला पेला

मित्रांनो, मी एक जुना पेला आहे. जुना म्हणजे तुमच्या पणजीच्या घंगाळाइतका नव्हे, चांगला रोमी बादशहांच्या काळातला. समुद्रापलीकडे, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एका तांबटाने मला ठोकून घडवले. तिथले ख्रिस्ती लोक कोणाच्या तरी घरी दार लावून जमत आणि प्रभुभोजनाच्या वेळी येशूची आठवण म्हणून माझ्यातून द्राक्षारसाचा एकेक घोट घेत. मग हा धर्म मोडून काढायला बादशहाचा हुकूम सुटला, ग्रंथ आणि भांडी शिपायांच्या हवाली करा! कित्येकांनी केली. ते जगले, पण त्यांच्याच माणसांनी त्यांना जन्मभर फितूर म्हणून हिणवले. सबीना नावाच्या विधवेने मात्र मला धान्यात लपवले. ती मार खाऊन मेली, पण बोलली नाही. तेव्हापासून मी पवित्र ठरलो आणि मलाही ते आवडू लागले.

हात बदलत बदलत मी एका धर्मोपदेशकाच्या पेटीतून नागपूरला पोचलो. हिंगण्याकडच्या एका लहानशा चर्चमध्ये प्रेमिलाताई झाडलोट करायच्या. मला चिंचेने घासताना त्या गाणे गुणगुणत. त्यांचा नवरा जितेंद्र कारखान्यात पाळीला जाई.

गेल्या कापणीच्या सणाआधी पाळक मनोहररावांनी उपदेशात सबीनाची गोष्ट सांगितली आणि मला उंच धरून दाखवले. कोणीतरी ते मोबाइलवर टिपून गावभर पाठवले. तिथेच घात झाला. जुन्या वस्तू चोरून विकणाऱ्यांना घरबसल्या पत्ता मिळाला.

सणाच्या आदल्या दुपारी दोन अनोळखी माणसे चर्चभोवती घिरट्या घालू लागली. कापणीच्या सणाला आमच्याकडे धान्याची पोती वेदीपाशी आणून ठेवतात. उपासना आटोपून त्यांचा लिलाव होईपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. प्रेमिलाताईंनी मला तांदळाच्या पोत्यात खोल खुपसले आणि तोंड शिवून टाकले. तेवढ्यात ती माणसे आत शिरली.

"पेला कुठी ठेवला, सांग वं!"

"नाही सांगत. सबीनाले जमलं, तं मले काहून नाही जमणार?"

सळईचे घाव मी तांदळातून ऐकले. सांगून टाका ताई, मी नुसते भांडे आहे, असे मी आतून ओरडत होतो. भांड्याचे कोण ऐकणार? शेवटी चोर रिकाम्या हाती पळाले.

दुसऱ्या दिवशी ताई दवाखान्यात बेशुद्ध होत्या. चर्चमध्ये लोक रडत होते, पण पेला गेला म्हणून! लिलावात पोते उघडले आणि मी खणकन फरशीवर पडलो. "चमत्कार!" म्हणून टाळ्या पडल्या, मला हार घातला, स्तोत्र सुरू झाले. तेव्हा दारात जितेंद्र येऊन उभा राहिला.

"गाऊन राहिले तुम्ही? माही प्रेमिला गेली, पाळकसाहेब. आत्ताच गेली. तुमच्यातलं एकही जण तिच्यापाशी बसाले आलं नाही."

मनोहररावांची मान खाली गेली. "तिचं नाव सबीनासारखंच राहील, जितेंद्र."

"नावाले काय करू, साहेब? मले ती पाहिजे होती."

आता मी बँकेच्या लॉकरमध्ये मखमलीत गुंडाळलेला आहे. मला लाज वाटते. जुन्या वस्तू जपा, असे सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. माझे मागणे उलटे आहे, मित्रांनो. उद्या कोणी सळई उगारून मला मागितले, तर देऊन टाका. वितळवू दे त्याला मला, करू दे माझी कढई. तुम्ही मात्र धडधाकट घरी जा.