पाणी आलं की औषध लागलं

‘विंचरू गं बाई, विंचरू हळूहळू,
माझ्या गं बाळीचे डोळे नको गं गळू.’

आईचा हा आवाज वहिनीच्या कानांत अजून होता. लहानपणी ती आईच्या गुडघ्यांशी पाठ लावून बसायची. आई गुंता सोडवायची आणि एखादा केस जरी ओढला गेला, तरी गाणं थांबवून विचारायची, “दुखलं का गं?” आई गेली, गाणं लेकीच्या गळ्यात उतरलं. ते घेऊनच ती लग्न होऊन या घरात आली, आणि नणंदेच्या पार्लरमध्ये कात्री-कंगवा हाती घेतला तेव्हा हात आणि गळा जोडीनं चालू लागले.

आता हात तेवढे चालत होते. गळा गप्प होता.

घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावरची ती एक खोली. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, कोपऱ्यात डोकं धुवायचं बेसिन आणि रस्त्याकडे उघडणारी एकच खिडकी. केस सरळ करायचं औषध आल्यापासून त्या खिडकीच्या फटी चिकटपट्टीनं बुजवल्या होत्या. औषध केसांना चोपडायचं, वाळवायचं, मग तापलेल्या मशीनमध्ये एकेक बट दाबत खाली आणायची. वारा लागला की चकाकी उडते, असं वन्संचं म्हणणं. म्हणून पंखाही बंद. मशीन फिरलं की वाफ उठायची, खुर्चीतल्या बाईच्या डोळ्यांना धारा लागायच्या आणि वन्सं समाधानानं म्हणायच्या, “पाणी आलं की औषध लागलं!”

पुढे तो कायदाच झाला. पाणी आलं नाही, तर वन्सं औषधाचा आणखी एक हात मारायला लावायच्या. बायकाही एकमेकींना कौतुकानं सांगायच्या, “मी तर बाई ढसाढसा रडले, म्हणून एवढे छान झालेत!”

वहिनीचा आवाज आधी खरखरला, मग फाटला, मग वरच्या सुराला गेला की वाटेतच बसायला लागला. डॉक्टरांनी घसा बघून विचारलं होतं, “वाफेत, धुरात काम करता का कुठे?” ती म्हणाली होती, “छे, कुठे!” वन्संनी हे पार्लर एकटीच्या हिमतीवर उभं केलेलं. त्यांच्या लाडक्या बाटलीला नावं कोणत्या तोंडानं ठेवायची? इकडे वन्संचा समज वेगळाच. “एकदा मी म्हटलं, गाणं कमी आणि काम जास्त, तर बाईसाहेब रुसल्या त्या रुसल्या!” असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या. वहिनीनं तो समज तसाच राहू दिला. रुसवा सांगायला सोपा असतो.

आणि मग एका दुपारी खुर्चीत वन्संची लेक येऊन बसली. डोक्यावर कुरळ्यांचं रान, म्हणून घरात तिचं नाव झिपरी.

“घरचं पार्लर आणि पोरीच्या डोक्यावर घरटं!” वन्सं म्हणाल्या. “उद्या मैत्रिणीचं लग्न आहे. वहिनी, आज हिला माणसात आण.”

“मामी, पाखरं उडून गेली तर जबाबदारी तुझी हं,” झिपरी हसली.

वहिनीनं औषध लावलं, वाळवलं, पहिली बट मशीनमध्ये धरली. चर्र झालं. वाफ उठली, आणि झिपरीनं नाक मुरडलं.

“ए मामी, हा वास ओळखीचा आहे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बेडूक बुडवून ठेवलेली बरणी आहे ना, अगदी तिचा!”

“मग बेडकांचं भाग्यच म्हणायचं,” वन्सं म्हणाल्या. “गप बस.”

“अगं खरंच! मेलेला बेडूक त्या पाण्यात सडत नाही. सर आम्हाला झाकण उघडू देत नाहीत. म्हणतात, वाफ छातीत जाते, असलं पाणी फार दिवस हुंगलं तर...” तिला ठसका लागला. डोळे लालबुंद झाले आणि गालांवरून पाणी ओघळलं.

“आलं पाणी! लागलं औषध!” वन्संनी टाळी वाजवली. “चल वहिनी, पुढची बट.”

वहिनीनं आरशात पाहिलं. लहानपणापासून जिचा गुंता तिनं सोडवला होता, ती पोर खुर्चीचे हात गच्च धरून बसली होती. डोळे नको गं गळू. कानातला आवाज थांबला आणि त्यानं विचारलं, दुखलं का गं?

तिनं मशीनची पिन उपटली. खिडकीशी गेली आणि नखांनी चिकटपट्टी ओरबाडून काढली. फुगलेलं लाकूड हलेना, तेव्हा खांद्यानं धक्का दिला. खिडकी धाडकन उघडली. रस्त्याचा गोंगाट, ऊन, वारा सगळे एकदम आत घुसले.

“डोकं फिरलं का तुझं?”

“झिपरे, बेसिनपाशी चल. आधी डोकं धुऊ.”

“मी काय विचारतेय?”

“वन्सं, मी या बाटलीला हात लावणार नाही. हिच्यासाठी नाही, कुणासाठीच नाही.”

“आधी रुसून गाणं सोडलंस, आता काम सोड!”

“रुसले नव्हते मी.” तिचा आवाज फाटकाच निघाला, पण निघाला. “आवाज गेला माझा. या वाफेत गेला. डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा तुमच्यासाठी खोटं बोलले. पण आज ही पोर रडली आणि आपण टाळी वाजवली, वन्सं!”

 वन्सं खिडकीशी गेल्या आणि बराच वेळ खोकत उभ्या राहिल्या. तो खोकला आजचा नव्हता. इतके दिवस पदराआड दडवलेला होता.

काही दिवसांनी बाटल्यांचा विक्रेता आला. पिळदार मिशी, तोंडात साखर. पार्लरमध्ये बायका बसलेल्या. एका खुर्चीत झिपरी, मामीकडून कुरळे केस नीट कापून घेत होती.

“ताई, या वेळी ऑर्डर नाही? यात वाईट काहीच नाही हो. बाटलीवरचं हिरवं पान बघा!”

“पान बघितलं,” वन्सं गोड आवाजात म्हणाल्या. “बसा. वहिनी, खिडकी लाव गं. पंखा बंद. यांच्या मिशा सरळ करू.”

विक्रेता हसला. वन्सं हसल्या नाहीत. त्यांनी उरलेली बाटली उघडून त्याच्या नाकाखाली धरली आणि दुसऱ्या हातानं मशीन उचललं.

“अहो ताई, हे बायकांसाठी...”

“का? बायकांना छाती नसते? डोळ्यांत पाणी येईपर्यंत हलायचं नाही. इथला कायदा आहे!”

तो बॅग छातीशी धरून जिना असा उतरला की खालच्या घड्याळवाल्यानं डोकं बाहेर काढून विचारलं, “काय झालं हो?”

“काही नाही,” वन्सं वरून ओरडल्या, “औषध लागलं!”

खोलीभर हसू फुटलं. हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी कुणालाच झोंबलं नाही. सरळ केसांसाठी आलेली वकीलबाई खुर्चीत मागे रेलून म्हणाली, “राहू दे मग माझेही आहेत तसेच.”

त्या हसण्यातच वहिनीचा कंगवा झिपरीच्या कुरळ्यांतून फिरत होता. आणि कधी सुरू झालं, ते तिचं तिलाही कळलं नाही.

‘विंचरू गं बाई, खिडकी उघडी ठेवू,
वाऱ्याच्या हाती गं एकेक बट देऊ.’

सूर वर गेला. वाटेत थरथरला, बसेल असं वाटलं, आणि पोचला.  वहिनी दचकून थांबली. तिनं सवयीनं वन्संकडे पाहिलं.

वन्सं टॉवेलाची घडी घालत होत्या. एकाच टॉवेलाची, पुन्हा पुन्हा.

“तुला गाणं कमी कर म्हटलं होतं ना,” त्या खाली बघत म्हणाल्या, “ते कामासाठी नव्हतं गं. तू गायला लागलीस की माझेच हात थांबायचे. ऐकत राहावंसं वाटायचं. तुझं गाणं मला फार आवडतं, वहिनी.”