पेपर सिंगापूरचा

उल्काच्या अकाउंटन्सीच्या परीक्षेत कायद्याचा पेपर एकच, पण कायदा कोणत्या देशाचा ते आपणच ठरवायचं. इंग्लंडचा घ्या, नाहीतर सिंगापूरचा. फॉर्मवर एका चौकटीत खूण केली की झालं. ती खूण शैलेंद्रने करून टाकली होती.

बोटीवरून सुट्टीवर आला की त्याला घरातल्या वस्तू दुरुस्त करायची हौस येई. काल स्वयंपाकघरातला नळ झाला, आज बायकोचा फॉर्म. सिंगापुरातल्या मरीन परेडच्या फ्लॅटमधल्या जेवणाच्या टेबलावर त्याने तो तिच्यापुढे सरकवला.

"फक्त सही कर. बाकी सगळं भरलंय."

'इंग्लिश'समोर निळ्या शाईत ठसठशीत खूण होती.

"अहो, हे काय? माझा अभ्यास सिंगापूरचा चाललाय."

"अगं, इथे आपण थोडेच जन्मभर राहणार? इंग्लंडचा कायदा कुठेही चालतो. श्रीनिवासलाही विचारलं मी. आपण इंग्लंडचाच देऊ."

"आपण? एका बाकावर बसणार आहोत का दोघं?"

"उगाच शब्दात पकडू नकोस."

"पकडणार! तुमच्या भावाला, श्रीनिवासभावोजींना, फोन करून विचारता आलं, आणि मी इथे समोर बसलेय ती दिसले नाही?"

तिचे कान तापले. तो पाच महिने समुद्रावर होता, तेव्हा आता अकरा महिन्यांच्या झालेल्या वल्लरीला मांडीवर थोपटत तिने ते पुस्तक पाठ केलं होतं. अंगाईच्या चालीवर कलमं म्हटली होती. करारभंगाच्या कलमाला पोर खुदकन हसायची, तेव्हा उल्का ते कलम चारचारदा म्हणायची. पानांचे कोपरे वल्लरीने चघळले होते. जवळच्याच कटाँगमधल्या एका छोट्या ऑफिसातल्या बाईंनी शब्द दिला होता, इथल्या कायद्याचा पेपर पास होऊन ये, तुझी जागा ठेवते. आणि फॉर्म द्यायचा आज शेवटचा दिवस.

"कटाँगची नोकरी कशाला धरून बसतेस? दोन वर्षांत कदाचित कंपनीचं लंडन ऑफिस मिळेल मला."

"कदाचित! तुमच्या कदाचितवर मी किती वर्षं ताटकळू?"

तिने पेन उचललं, 'इंग्लिश'वर आडवी रेघ मारली आणि 'सिंगापूर'समोर खूण केली.

"खाडाखोड केलीस! आता नाकारतील बघ."

"नाकारू देत. नाकारला तर माझा नाकारतील."

खाली सही करून तिने वल्लरीला त्याच्या हातात दिलं. पोरीने लगेच भोकाड पसरलं. उल्काने त्या इवल्याशा तळपायाची पापी घेतली आणि चपला घातल्या.

"हिला भूक लागली तर?"

"बाप आहात ना? बघा."

बसमध्ये तिने फॉर्म मांडीवर घट्ट धरून ठेवला. परीक्षेच्या ऑफिसात काउंटरवरच्या चिनी बाईने चष्मा वर करून रेघ पाहिली. आता परत करणार, उल्काला वाटलं.

"ओह, करेक्शन आह? साइन बिसाइड, कॅन. बट व्हिच वन? आफ्टर टुडे कॅनॉट चेंज, लाह." म्हणजे शेजारी सही केली की झालं.

"सिंगापूर," उल्का म्हणाली, इतक्या मोठ्याने की मागची रांग वळून बघायला लागली. रेघेशेजारी तिने इतक्या जोरात सही केली की कागदाला भोक पडलं. बाईने त्यावरच शिक्का मारला.